पन्हाळ्याच्या पायथ्याची साखर

१/
पन्हाळा म्हटले की सिद्दी जौहरचा वेढा, आषाढातली पावसाळी रात्र आणि घोडखिंड आठवते. आजचा धागा त्याच तालुक्याचा आहे, मात्र त्यात तोफा नाहीत, तागडी आहे. किराण्यात चार पैसे वाचावेत म्हणून माणसांनी काय काय योजले आणि ते वाचलेले पैसे मुळात कोणाचे, हा साधा प्रश्न पन्हाळ्याच्या पायथ्यापासून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत कसा पोहोचला, त्याची ही हकिकत.

२/
गडावर जाणारा प्रत्येक जण अंबरखाना पाहतो. गंगा, यमुना आणि सरस्वती या तीन अजस्र कोठ्या. १६६० च्या वेढ्यात गड सुमारे चार महिने तग धरून राहिला, त्यामागे अशा साठवणुकीची परंपरा होती. पण कोठारातले धान्य राज्याचे असे. खालच्या गावातले कुटुंब आपले धान्य कणगीत ठेवी आणि मीठ, तेल, चहा, साखर यांसाठी वाण्याच्या दुकानाची पायरी चढे.

३/
ती पायरी चढताना हातात रोकड क्वचितच असे. ऊसकऱ्याच्या घरात पैसा वर्षातून एकदोनदा येतो आणि चूल मात्र रोज पेटते. म्हणून किराणा उधारीवर चाले. नोंद दुकानदाराच्या वहीत होई, भाव त्याच्या तोंडी असे आणि हिशेब सुगीनंतर मिटे. व्याज बहुधा वेगळे मांडले जात नसे, ते भावातच मुरलेले असे. दुकानदारही जोखीम घेत होता हे खरे. पाऊस गेला की त्याची उधारीही बुडे. तरीही वही एकाच बाजूच्या हातात होती आणि या साऱ्या कथेचे मर्म तेथेच आहे.

४/
कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात स्वस्त धान्याची दुकाने उघडली होती. तो राजाने केलेला बंदोबस्त होता. लोकांनी स्वतःची पेढी काढण्याची सुरुवात पुढे, १९१३ मध्ये, कोल्हापूर अर्बन सोसायटीने झाली.

५/
आता थोडा वेळ इंग्लंडला जावे लागेल, कारण दिवाळीच्या ‘फरका’ची आजी तिथे राहते.

२१ डिसेंबर १८४४. मँचेस्टरजवळचे रॉचडेल हे विणकरांचे गाव. २८ जणांनी आठवड्याला काही पेनी बाजूला टाकत २८ पौंडांचे भांडवल उभे केले आणि टोड लेन नावाच्या गल्लीत दुकान उघडले. पहिल्या संध्याकाळी मालात होते लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये पिठात भेसळ सर्रास चाले. या दुकानाने माल शुद्ध ठेवला, माप पुरे ठेवले आणि उधारी साफ नाकारली.

६/
रॉचडेलची खरी करामत भावात होती. आपलेच दुकान म्हटल्यावर माल स्वस्त विकावा असे कोणालाही वाटेल. त्यांनी तसे केले नाही. माल बाजारभावानेच विकायचा, प्रत्येक सभासदाच्या खरेदीची नोंद ठेवायची आणि ठरलेल्या मुदतीअखेर जी शिल्लक उरेल ती खरेदीच्या प्रमाणात परत करायची. जास्त भाग असलेल्याला जास्त नव्हे, तर जास्त खरेदी करणाऱ्याला जास्त.

यामुळे शेजारच्या दुकानदारांशी भावयुद्ध टळले आणि रोजच्या खरेदीत नकळत बचत साठत गेली. त्या परताव्याला लोक लाडाने ‘डिव्ही’ म्हणू लागले. आईचा सभासद क्रमांक म्हातारपणापर्यंत तोंडपाठ असणाऱ्या ब्रिटिश माणसांची एक पिढीच होऊन गेली.

७/
भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ मध्ये आला. त्याच वर्षी मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये ग्राहकांचे सहकारी दुकान निघाले. कायद्याने पतपुरवठ्याखेरीज इतर सहकारी संस्थांना वाट दिली ती मात्र १९१२ मध्ये. मुंबईत १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत असेच एक दुकान सुरू झाले, तेच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून वाढले. गिरणगावात कोल्हापूर, सातारा आणि कोकणातून आलेली माणसे राहत. सामायिक किराण्याची कल्पना घाटावर परकी राहिली नाही, ती अशा येण्याजाण्यामुळेही.

८/
१९६२ च्या चीन युद्धानंतर भाव भडकू नयेत म्हणून केंद्र सरकारने देशभर ग्राहक भांडारे काढण्याची योजना राबवली. त्यांपैकी बरीच पुढे रोडावली. रेशनचा माल आणि नियंत्रित दराचे कापड यांवर उभे राहिलेले दुकान टंचाई सरली की ओस पडते.

मग १९७२ चा दुष्काळ आला. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. १९७४ मध्ये महागाईचा दर २५ टक्क्यांच्या वर गेला. किराण्याची यादी हा त्या दशकात राजकीय दस्तऐवज झाला होता.

९/
याच पार्श्वभूमीवर पन्हाळा तालुक्यात परत येऊ. गडाच्या ईशान्येला, वारणेच्या खोऱ्यात, कोडोलीजवळ एका ओसाड माळावर तात्यासाहेब कोरे यांनी १९५० च्या दशकात सहकारी साखर कारखाना उभा केला. भोवती वारणानगर वसले, दूध संघ निघाला, शाळा-महाविद्यालये आली. आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस निघाला ‘वारणा बाजार’.

हे सहकारी ग्राहक भांडार होते. किराणा, कापड, भांडी, शेतीला लागणाऱ्या वस्तू, सगळे एका छताखाली आणि भाव लिहिलेला. पुढे आसपासच्या गावांतही शाखा झाल्या. महाराष्ट्राच्या शहरांत मॉल हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधी उसाच्या पट्ट्यातली बाई कडधान्य, साडी आणि स्टीलचा डबा एकाच दुकानातून घेऊन बाहेर पडत होती. भाव विचारताना दुकानदाराच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही, ही किती मोठी सुटका असते हे उधारीवर वाढलेल्या घरालाच कळेल.

१०/
रॉचडेलचा ‘डिव्ही’ आपल्या कायद्यातही आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०. नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. भागांवरील लाभांशाला साधारणपणे १५ टक्क्यांची मर्यादा आहे. मात्र सभासदाने संस्थेशी जेवढा व्यवहार केला, त्या प्रमाणात बोनस देण्याची मुभा स्वतंत्रपणे ठेवली आहे. पैसा गुंतवणाऱ्याला लगाम आणि व्यवहार करणाऱ्याला वाट, असा हा कायदा आहे.

समजा, एका घराने वर्षभरात १२,००० रुपयांचा किराणा संस्थेतून भरला आणि संस्थेने २ टक्के परतावा जाहीर केला. हाती येतात २४० रुपये. रक्कम लहान आहे. पण ती मिळण्यासाठी संस्थेला वर्षभर त्या घराची वही ठेवावी लागते, आणि वार्षिक सभेत ती वही मागण्याचा अधिकार त्या घराला असतो.

११/
कोल्हापूरकर हे गणित दुधात सर्वाधिक ओळखतो. दर दहा दिवसांनी दुधाचे बिल येते आणि दिवाळीला येतो ‘फरक’. वर्षभर घातलेल्या दुधाच्या प्रमाणात दिलेली वाढीव रक्कम. विक्रीच्या बाजूने पाहिलेला हा रॉचडेलचाच हिशेब आहे. रवा, बेसन, तेल, उटणे, पोरांचे कपडे या सगळ्यांची यादी कित्येक घरांत फरकाच्या भरवशावर लिहिली जाते. म्हशीने दिवाळी केली असे कोणी म्हटले, तर ती अतिशयोक्ती नसते.

१२/
आणि मग सभासद साखर.

सहकारी कारखान्याच्या सभासदाला साखर सवलतीच्या दरात मिळते, विशेषतः दिवाळीला. कार्ड दाखवायचे, वहीत सही करायची, पोते दुचाकीवर आडवे टाकायचे. सरकारी नियंत्रणाच्या काळात तर एकाच गावात साखरेचे तीन भाव नांदत: रेशनचा, खुल्या बाजाराचा आणि सभासदाचा. कारखान्यांवरील लेव्हीचे बंधन २०१३ मध्ये उठले. सभासदाचा भाव टिकून राहिला. लेकीच्या सासरी पाठवायच्या फराळात किती साखर पडणार, हे ठरवणारे हे कार्ड कोणत्याही दुकानाच्या कूपनापेक्षा जुने आणि वजनदार आहे.

१३/
याच साखरेवर आयकर खात्याची नजर पडली.

खात्याचा युक्तिवाद असा: बाजारात जी साखर चढ्या दराने विकली गेली असती ती सभासदांना स्वस्तात दिली, तर मधला फरक म्हणजे कारखान्याने वाटलेला नफाच होय. नफा असेल तर त्यावर कर हवा. कराड तालुक्यातील रेठरे बुद्रुकच्या कृष्णा सहकारी साखर कारखान्याचे प्रकरण या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेले.

१४/
२०१२ मध्ये न्यायालयाने प्रकरण पुन्हा आयकर आयुक्तांकडे (अपील) पाठवले आणि काही प्रश्न तपासायला सांगितले. सवलतीच्या साखरेची ही पद्धत सहकारी साखर उद्योगात रूढी झाली आहे काय? तिला पाठिंबा देणारा राज्य सरकारचा काही ठराव आहे काय? दिवाळी सोडून महिन्यामहिन्याला सभासदाला किती साखर द्यायची, हे कशाच्या आधारे ठरते?

इतिहासाच्या अभ्यासकाने हे प्रश्न पुन्हा वाचावेत. देशाचे सर्वोच्च न्यायालय दिवाळीच्या साखरेचा रिवाज किती जुना आणि किती पक्का, हे विचारत होते. फराळाचा डबा पुराव्याच्या पातळीवर आला होता.

१५/
ब्रिटनमध्ये हाच वाद आधी होऊन गेला होता. खाजगी दुकानदारांची तक्रार होती की ‘डिव्ही’ हा नफा असूनही करातून सुटतो. सहकारवाद्यांचे उत्तर ठरलेले असे: आमच्याकडून जास्त घेतलेले आम्हालाच परत मिळाले, त्यात नफा कुठे? १९३३ मध्ये सरकारने संस्थांच्या न वाटलेल्या शिलकीवर कर बसवला. सभासदांना परत दिलेला ‘डिव्ही’ मात्र बाहेर राहिला.

१६/
दुकानाच्या बक्षिसांची दुसरी परंपरा अमेरिकेची. १८९६ मध्ये स्पेरी अँड हचिन्सन कंपनीने ‘ग्रीन स्टॅम्प’ काढले. दुकानदाराने ते कंपनीकडून विकत घ्यायचे, गिऱ्हाइकाला खरेदीबरोबर द्यायचे, गिऱ्हाइकाने पुस्तिकेत चिकटवायचे आणि पुस्तिका भरली की वस्तू न्यायची. स्टॅम्पचा खर्च शेवटी मालाच्या भावातच चढे.

वरवर पाहता ‘डिव्ही’ आणि स्टॅम्प सारखेच वाटतात. दोन्हींत खरेदीच्या प्रमाणात काहीतरी परत मिळते. फरक असा की स्टॅम्पचा दर ठरवण्याच्या बैठकीला गिऱ्हाइकाला बोलावणे नसे. आजच्या बिलाच्या काउंटरवर मोबाइल नंबर विचारतात आणि ‘पॉइंट’ जमा करतात, ते याच घराण्यातले. खरेदीची वही पुन्हा दुकानाकडे गेली आहे. वाण्याच्या वहीत निदान आपले पान कोणते ते ठाऊक असे.

१७/
म्हणून सहकारी वही निर्मळ होती असे मानण्याचे कारण नाही. सभासद साखर भागाच्या मागे जाते, भाग उसाच्या मागे आणि ऊस जमिनीच्या मागे. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला ते कार्ड नाही. ग्राहक भांडाराचे दार त्या मानाने रुंद होते, कारण त्याचा सभासद व्हायला उसाचा सातबारा लागत नाही, भागाची रक्कम पुरते. वारणानगरसारख्या ठिकाणी कारखान्याइतकेच दुकानाला महत्त्व आहे ते यामुळे. पुस्तकांतून मात्र कारखान्याचे धुराडे दिसते आणि दुकान दिसत नाही.

१८/
गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. एकीकडे सभासद साखरेचे पोते घेऊन घरी निघालेला असतो. त्याच दिवसांत बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, उसाच्या फडाजवळ कोपी घालतात आणि पहिल्या आठवड्याचा किराणा भरायला जवळच्या गावात जातात. मूळ गावचे रेशनकार्ड दुसरीकडे चालण्याची सोय २०१९ पासून टप्प्याटप्प्याने झाली. त्याआधीची कित्येक वर्षे त्यांच्या चहात पडणारी साखर खुल्या बाजाराच्या भावाची होती. ज्या उसाची ती झाली, तो त्यांनीच तोडलेला.