बीडचे मूल कोणत्या रकान्यात?

पोराचा पाय लुळा पडला, डॉक्टरांनी पोलिओ म्हटले, वहीत एक आकडा वाढला. यात अवघड ते काय, असे कुणालाही वाटेल. पण जुनी दप्तरे चाळण्याचा नाद असलेल्या मला आकड्याहून अधिक कुतूहल असते ते आकडा मांडणाऱ्याच्या कसोटीचे.

डिसेंबर १९९५ मध्ये देशभर पल्स पोलिओ सुरू झाला. १९९७ पासून नवा दंडक आला : १५ वर्षांखालच्या मुलाचा हात वा पाय एकाएकी लुळा पडला, की कारण काहीही असो, कळवायचे. १४ दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने घेऊन बर्फातून प्रयोगशाळेकडे धाडायचे. लुळेपणाच्या नोंदी वाढल्या. रोग वाढला नव्हता. जाळे बारीक विणले गेले होते.

मग २००० साली मोजण्याची रीतच पालटली. १९९९ मध्ये लक्षणांवरून पोलिओ धरलेले रोगी अडीच हजारांवर होते. त्यांतले नमुन्यात रानटी विषाणू सापडलेले ११२६. पुढल्या वर्षापासून विषाणू सापडेल तोच रोगी, आणि त्या वर्षीचा आकडा २६५. अडीच हजारांशेजारी २६५ मांडून टाळ्या पिटणारा फसलाच. जोड लावायची ती ११२६ शी. तीही काही थोडी घट नव्हे!

देशातला रानटी पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये हावड्याला आढळला. आणि २०१३ साली आपल्या बीड जिल्ह्यातल्या एका तान्ह्या मुलाच्या नमुन्यात पोलिओचा विषाणू निघाला. पण तो रानटी नव्हता. तोंडावाटे देण्याच्या लशीतलाच, पालटत गेलेला. लाखो पोरांना तारणाऱ्या थेंबांची ही विरळा, पण खरी बाजू.

पालटला म्हणजे किती? विषाणूच्या एका जनुकात सुमारे ९०० अक्षरे असतात. दुसऱ्या प्रकारच्या विषाणूत १० अक्षरे बदलली तरच पूर्वी तो वेगळा गणत. २०१० पासून ६ पुरेशी झाली. म्हणजे सात अक्षरे बदललेला विषाणू २००९ मध्ये निरुपद्रवी लशीचा, आणि २०११ मध्ये दखलपात्र!

२७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. बीडचे मूल त्या हिशेबात नव्हते, कारण हिशेब रानटी विषाणूचा होता. मला तो खोटा वाटत नाही. रानटी विषाणू गेला की नाही हे पाहायचे तर रकाने वेगळे हवेतच. त्या घरातल्या आईला मात्र रकान्यांचे काय?

दुसऱ्या प्रकारचा रानटी विषाणू १९९९ नंतर कुठे आढळलाच नव्हता. त्याची लस मात्र कुठे कुठे पाय लुळे करीत होती. एप्रिल २०१६ मध्ये तो प्रकार तोंडावाटे देण्याच्या लशीतून काढून टाकला. त्या निर्णयाला बळ मिळाले ते याच वेगळ्या रकान्यातल्या नोंदींतून.