द सिम्समधील भिंतरचना

द सिम्स ही मॅक्सिस या संस्थेने विकसित केलेली आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने प्रकाशित केलेली संगणकीय खेळांची मालिका आहे. तिच्यातील बांधकाम अवस्थेत खेळाडू रिकाम्या भूखंडावर भिंती उभारतो, त्यांतून खोल्या पाडतो आणि त्या खोल्यांत 'सिम' नावाच्या काल्पनिक माणसांचा संसार मांडतो. भिंत कोठे घालावी, कोठे तोडावी आणि तिच्यात दार कोठे ठेवावे या निर्णयांना येथे भिंतरचना म्हटले आहे. वरवर पाहता ती केवळ सजावट वाटते. परंतु सिम कोठून चालेल, त्याला एकांत मिळेल की नाही आणि त्याचे मन प्रसन्न राहील की नाही, हे मोठ्या प्रमाणात भिंतींवरच ठरते.

पार्श्वभूमी

मालिकेचा जनक विल राइट याचे घर १९९१ साली कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे लागलेल्या मोठ्या वणव्यात जळाले. घर नव्याने उभारताना मनात आलेल्या विचारांतून या खेळाची कल्पना साकारली. वास्तुविचारक क्रिस्टोफर अलेक्झांडर यांच्या १९७७ सालच्या 'अ पॅटर्न लँग्वेज' या ग्रंथाचाही राइटवर प्रभाव होता. आरंभी हा खेळ घर रचण्याचा होता आणि त्यातील माणसांचे काम त्या घराची पारख करणे एवढेच होते. पुढे ही माणसेच खेळाच्या केंद्रस्थानी आली. पहिला भाग फेब्रुवारी २००० मध्ये प्रसिद्ध झाला.

चौकोनांची जाळी

भूखंड समान चौकोनांत विभागलेला असतो. भिंत चौकोनाच्या मध्यावर नव्हे, तर दोन चौकोनांमधील रेषेवर उभी राहते. त्यामुळे भिंत घातल्याने जमिनीचा चौकोन खर्ची पडत नाही. केवळ शेजारच्या दोन चौकोनांमधील वाट बंद होते. चौकोनाच्या कर्णावरून तिरकी भिंतही घालता येते. मात्र पहिल्या भागात अशा भिंतीवर दारे-खिडक्या बसवता येत नसत. पुढील भागांत ती सोय उपलब्ध झाली.

जेथे एखादी वस्तू ठेवलेली आहे, तेथून तिला छेदणारी भिंत खेळ स्वीकारत नाही. आधी वस्तू हलवावी लागते. बांधकाम अवस्थेत खेळातील काळ थांबलेला असतो, परंतु प्रत्येक भिंतीचे मोल कुटुंबाच्या शिलकीतून वजा होते.

भिंत घालण्याच्या पद्धती

द सिम्स २ (२००४) मध्ये माउसचे बटण दाबून रेषा ओढली की भिंत तयार होते. त्याच वेळी 'शिफ्ट' कळ दाबून धरल्यास चारही भिंतींची आयताकार खोली एकदम उभी राहते. 'कंट्रोल' कळ धरून तीच रेषा ओढल्यास भिंत पाडली जाते. या भागात उंचसखल जमिनीवर बांधकाम करण्यास मर्यादा होत्या. त्या दूर करण्यासाठी अनुभवी खेळाडू मजल्याच्या पातळीचे बंधन उठवणारी विशेष आज्ञा वापरत.

द सिम्स ४ (२०१४) मध्ये पद्धत बदलली. येथे भिंतीऐवजी खोली हा बांधकामाचा मूळ घटक मानला आहे. खोली निवडून ती सामानासह दुसरीकडे नेता येते. तिची एखादी भिंत बाणाने पुढे-मागे सरकवली की उरलेल्या भिंती आपोआप जुळवून घेतात. भिंतींची उंची तीन प्रमाणांतून निवडता येते. सुटी भिंत घालण्याची सोयही कायम आहे. मात्र भिंतींचे वर्तुळ बंद झाल्याशिवाय खेळ त्या जागेला खोली मानत नाही.

उभ्या भिंतींमुळे आतील भाग दिसेनासा होतो. म्हणून भिंती पूर्ण दाखवणे, पाहणाऱ्याच्या बाजूच्या तेवढ्या कापून दाखवणे किंवा सर्व खाली घेणे असे दृश्याचे पर्याय दिलेले आहेत. हा बदल केवळ दृश्यापुरता असतो. खाली घेतलेली भिंतही सिमची वाट अडवतच राहते.

सिमच्या जीवनावरील परिणाम

सिम भिंतीतून आरपार जाऊ शकत नाही. दार नसलेल्या खोलीतील सिमला बाहेर पडता येत नाही आणि अन्न न मिळाल्यास तो मरण पावतो. याउलट, दार योग्य जागी असल्यास स्वयंपाकघर आणि भोजनाचे मेज यांमधील फेऱ्या कमी होतात व कामावर जाण्यापूर्वीचा वेळ वाचतो. एका चौकोनाएवढ्या अरुंद वाटेत समोरासमोर आलेले सिम एकमेकांना अडवतात. म्हणून वर्दळीच्या मार्गिका दोन चौकोन रुंद ठेवणे सोयीचे ठरते.

स्वच्छतागृहाच्या बाबतीत भिंतीचे महत्त्व विशेष जाणवते. त्याच खोलीत दुसरे कोणी असेल, तर सिम संकोचतो आणि त्या व्यक्तीला बाहेर घालवतो. घरात माणसे अधिक असतील, तर शौचपात्र आणि स्नानाची जागा यांमध्ये एक भिंत घालून स्वतंत्र दार दिल्याने सकाळचा खोळंबा टळतो.

पहिल्या भागात सिमच्या आठ गरजांपैकी 'खोली' ही एक स्वतंत्र गरज होती. खोलीचा आकार, प्रकाश, स्वच्छता आणि सजावट यांवरून तिचे मोजमाप होत असे. कोंदट, अंधाऱ्या खोलीत सिमची मनःस्थिती खालावते. त्यामुळे मोठे दालन विभागण्यासाठी घातलेली नवी भिंत एकांत देते, पण दोन्ही बाजूंना खिडकी व दिवा नसल्यास प्रसन्नता हिरावून घेते.

वैशिष्ट्य

इतर अनेक खेळांत भिंत ही खेळाडूपुढील अडथळा असते. द सिम्समध्ये खेळाडू स्वतःच ती उभारतो आणि तिचे परिणाम दुसऱ्याच्या दिनक्रमात पाहतो. चुकीच्या रचनेची शिक्षा गुणांच्या रूपाने मिळत नाही. ती कंटाळलेल्या, उशीर झालेल्या किंवा उपाशी सिमच्या रूपाने समोर येते. घराची पारख त्यात राहणाऱ्याने करावी, ही राइटची मूळ कल्पना खेळाचे स्वरूप बदलल्यावरही भिंतरचनेत अशी टिकून राहिली आहे.