उमरेडकर

उमरेडकर : मराठी ग्रामनामजन्य आडनाव. अर्थ ‘उमरेडचा राहणारा’. उमरेड हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, नागपूरच्या आग्नेयेस सुमारे 45 किमी. कोष्टी विणकरांच्या रेशीमकाठी धोतरांसाठी ते पूर्वी नावाजलेले होते. आता कोळसा खाण आणि कऱ्हांडला अभयारण्य यांमुळे ओळखले जाते. इंग्रजी अमदानीच्या दप्तरात रोमन लिपीत गावाचे नाव ‘उमरेर’ असे लिहीत.

ग्रामनामाला ‘-कर’ लागून बनलेली आडनावे सहसा गावाबाहेर पडतात. उमरेडात सगळेच उमरेडचे. तेथे या नावाने कोणाची ओळख पटणार नाही. कुटुंब नागपुरास किंवा भंडाऱ्यास जाऊन राहिले, की शेजारीपाजारी त्याला उमरेडकर म्हणू लागतात आणि पुढे तेच शाळेच्या दाखल्यावर चढते. म्हणून हे आडनाव सोडलेल्या गावाची खूण असते. उदाहरणार्थ, बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे, तर जन्म 1891 मध्ये महू येथे झाला. एकाच गावातून निरनिराळ्या जातींची माणसे बाहेर पडतात. तेव्हा आडनाव एक म्हणून कुळ एक समजणे चूक होय.

पूर्व विदर्भात ‘-कर’च्या शेजारी ‘-वार’ नांदतो : कन्नमवार, वडेट्टीवार, मुनगंटीवार. हा तेलुगूतील ‘वारु’ या आदरार्थी रूपाचा वारसा आहे.

गावाच्या नावाऐवजी पित्याच्या नावावरून आडनाव पाडण्याची रीतही जगात अनेक ठिकाणी आहे. मॅसेडोनियात ‘ट्रायको’च्या वंशाचा तो ट्रायकोव्स्की, स्त्री असल्यास ट्रायकोव्स्का, ‘-कर’ मात्र स्त्री-पुरुष दोघांना सारखाच लागतो. ट्रायको म्हणजे ‘टिकणारा’. मूल जगावे म्हणून ठेवलेले हे नाव आहे. आपल्याकडे मुले दगावणाऱ्या घरात धोंडू, दगडू, भिकू अशी नावे ठेवीत, त्यामागची आईबापांची आर्त इच्छा हीच. फरक इतकाच, की मराठीत पित्याचे नाव आडनावात न मुरता मधल्या जागी उभे राहते. धोंडो केशव कर्वे यांच्या नावात केशव हे वडील. विवाहित स्त्रीच्या बाबतीत ती जागा रूढीने पतीच्या नावाकडे जाते.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने सरकारी कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम बंधनकारक केला आहे.