पदवीनंतरची वाट : नागपूर ते ‘परम’

१/ संगणकशास्त्राची पदवी हाती आली की नागपूरच्या विद्यार्थ्यापुढे प्रश्न उभा राहतो : नोकरी की पुढचे शिक्षण? या प्रश्नाचे एक जुने उत्तर याच शहरातून निघाले होते.

२/ १९६० साली नागपुरात विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. आजचे ‘व्हीएनआयटी’ ते हेच.

३/ अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे विजय भटकर येथून १९६५ साली अभियंता झाले. त्या काळी भारतात संगणकशास्त्र हा पदवीचा स्वतंत्र विषय नव्हता. आयआयटी कानपूरने त्यात बी.टेक. सुरू केले ते १९७८ मध्ये.

४/ भटकरांनी पुढची वाट धरली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण, मग १९७२ साली आयआयटी दिल्लीची पीएच.डी. पदवीनंतर सात वर्षे!

५/ ऐंशीच्या दशकात भारताने हवामानाच्या अंदाजासाठी अमेरिकेकडे ‘क्रे’ महासंगणक मागितला. लष्करी वापराच्या शंकेमुळे हव्या त्या क्षमतेचे यंत्र मिळाले नाही. कमी ताकदीचे मिळाले, तेही अटींसह. १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ स्थापन झाली आणि तिची धुरा भटकरांकडे आली.

६/ १९९१ साली ‘परम ८०००’ साकार झाला. एकाच अतिवेगवान प्रोसेसरवर भिस्त न ठेवता अनेक प्रोसेसर जोडून त्यांच्यात काम वाटून द्यायचे, हे त्याचे तत्त्व. यालाच समांतर संगणन म्हणतात.

७/ यंत्राइतकीच माणसेही घडवायला हवी होती. त्यासाठी सी-डॅकने प्रशिक्षण सुरू केले. आजही पदवीधर ‘सी-कॅट’ ही प्रवेशपरीक्षा देऊन तिथल्या सुमारे सहा महिन्यांच्या पदव्युत्तर पदविकेला जातात आणि तिथून नोकरीच्या वाटेला लागतात.

८/ सात वर्षे कमाई लांबवणे प्रत्येक घराला परवडत नाही, हेही खरे. म्हणून ‘गेट’चे महत्त्व : ती उत्तीर्ण होऊन शासकीय संस्थेत एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर दोन वर्षे विद्यावेतन मिळू शकते.

९/ २०१६ पासून नागपुरात ‘ट्रिपल आयटी’ आहे, ‘मिहान’मध्ये आयटी कंपन्या आहेत. १९६५ च्या पदवीधराला यातले काहीच उपलब्ध नव्हते. ज्या विषयाने त्याला ओळख दिली, त्याचे नावही त्याच्या पदवीवर नव्हते. आज निवडलेला विषय वीस वर्षांनी कोणत्या नावाने ओळखला जाईल, हे कोणी सांगावे? पाया पक्का असला, तर नवे नाव पेलता येते.