बक्षिसी, पगार आणि प्रवासी

देण्याघेण्याच्या बाबतीत मराठी भाषा फार काटेकोर आहे. कीर्तनकाराला मिळते ती बिदागी, भटजींना दक्षिणा. दिवाळीत रखवालदाराच्या हातावर ठेवायची ती पोस्त आणि कचेरीतला कागद पुढे सरकावा म्हणून गुपचूप द्यायची ती चिरीमिरी. शब्द उच्चारला की देणारा कोण, घेणारा कोण आणि दोघांमधले नाते काय, हे लगेच उमगते. 'बक्षीस' या फारसी शब्दाचा प्रवास मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. आपल्याकडे तो मुख्यतः गुणवत्तेच्या गौरवाशी जोडला गेला. इजिप्त व तुर्की मुलखात हिंडणाऱ्या युरोपीय प्रवाशांनी त्याच शब्दाला 'बक्षीश' करून घरी नेले, आणि एकोणिसाव्या शतकातील प्रवास-मार्गदर्शिकांतून कोणाला किती द्यावे याच्या सूचना छापल्या जाऊ लागल्या.

आज मुलांकडे अमेरिकेत निघालेल्या मराठी आईवडिलांना मिळणारी सूचना याच परंपरेतली आहे: उपाहारगृहात बिलावर पंधरा-वीस टक्के टिप ठेवा, नाहीतर असभ्य दिसेल. आपण ती शिष्टाचार म्हणून पाळतो. पण या शिष्टाचाराचा अमेरिकेतील इतिहास पाहिला, तर तो सभ्यतेपेक्षा पगाराचा इतिहास आहे असे आम्हांला वाटते.

जॉर्ज पुलमन यांनी 1867 साली शिकागोत रेल्वेच्या शयनयानांची कंपनी स्थापली. गुलामगिरी कायद्याने संपून दोनच वर्षे झाली होती. डब्यांतून प्रवाशांची सेवा करण्यासाठी कंपनीने नुकतेच मुक्त झालेले कृष्णवर्णीय पुरुष नेमले. बिछाना घालणे, बूट चमकवणे, सामान उचलणे, रात्री-अपरात्री हाकेला ओ देणे हे त्यांचे काम. प्रवासी त्यांना सर्रास 'जॉर्ज' म्हणत. गुलामाला मालकाच्या नावाने हाक मारण्याची जुनी रीत नव्या डब्यात तशीच चालू राहिली.

या पोर्टरांचा पगार मुळातच इतका तुटपुंजा होता की, प्रवाशांच्या टिपेवाचून घर चालणे अशक्य होते. 1915 साली औद्योगिक संबंधांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगापुढे कंपनीचे माजी अध्यक्ष रॉबर्ट टॉड लिंकन यांची साक्ष झाली. पोर्टरचा महिन्याचा पगार तेव्हा साडेसत्तावीस डॉलर होता, आणि तेवढ्यावर भागत नाही हे त्यांनाही मान्य करावे लागले. हे गृहस्थ अब्राहम लिंकन यांचे चिरंजीव. इतिहासात असा योगायोग क्वचितच आढळतो.

त्याच सुमारास टिपेविरुद्ध कायदेही होत होते. ही युरोपातील सरंजामी खोड आहे, लोकशाहीत ती शोभत नाही, असा टीकाकारांचा सूर होता. 1909 साली वॉशिंग्टन राज्याने टिपेवर बंदी घातली, काही राज्यांनी तिचे अनुकरण केले. पण 1926 पर्यंत हे सारे कायदे मावळले. बंदीच्या बाजूचा युक्तिवाद तत्त्वतः खोटा नव्हता. पण पगार आहे तेवढाच ठेवून टिप थांबवली, तर भुर्दंड सेवकालाच बसणार होता.

प्रश्नाचे मूळ पोर्टरांनी स्वतः ओळखले. 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना उभी राहिली. बक्षिसीवर विसंबून राहावे लागणार नाही असा पगार आणि महिन्याला सुमारे 400 तासांऐवजी 240 तास काम, या तिच्या मागण्या होत्या. पुलमन कंपनीशी करार व्हायला 1937 साल उजाडले.

कायद्याने मात्र उलटी वाट धरली. 1938 साली अमेरिकेत देशभरासाठी किमान वेतन ठरले. रेल्वेस्थानकांवरील लाल टोपीवाल्या हमालांची टिप त्या वेतनात मोजता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1942 साली दिला. 1966 च्या दुरुस्तीने हॉटेल व उपाहारगृहांतील कामगार कायद्याच्या कक्षेत आले, पण त्यांच्या किमान वेतनाचा अर्धा भाग टिपेतून धरण्याची मुभा मालकांना मिळाली. टिप घेणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे संघराज्याचे किमान वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलर आहे. इतरांचे 2009 पासून 7.25. टिपेने तूट भरली नाही तर मालकाने ती भरावी, असा नियम आहे. काही राज्यांनी ही सवलत ठेवलेलीच नाही. तरी एकूण हिशेब उघड आहे. पगाराचा मोठा वाटा मालकाच्या वहीतून प्रवाशाच्या खिशाकडे सरकला आणि त्याला औदार्याचे नाव मिळाले.

मग प्रवाशाने काय करावे? तत्त्वासाठी टिप नाकारली, तर त्याची किंमत भरतो तो सेवक. मालकाला झळ लागत नाही. म्हणून टिप द्यावी, पूर्ण द्यावी, पण ती पदार्थाच्या किमतीचाच भाग समजावी. तिच्या बदल्यात हसरा चेहरा किंवा कृतज्ञता मागू नये.

साहित्याच्या अभ्यासकांना एक काम सुचवावेसे वाटते. प्रवासवर्णनांतून बक्षिसीचे प्रसंग नेहमी देणाऱ्याच्या तोंडून येतात: किती दिले, कसे फसलो, समोरचा कसा खूश झाला. पलीकडच्या माणसाचा हिशेब त्यांत क्वचितच असतो. पुलमनच्या पोर्टरांचा हिशेब रँडॉल्फ यांच्या 'द मेसेंजर' या मासिकातून पुढे आला, तोही त्यांनी संघटना बांधल्यावर. आपल्या प्रवासवर्णनांतील हमाल, टांगेवाले आणि खानसामे यांच्याबाबत असे कागद कोठे सापडतात, याचा शोध घ्यायला हवा.