एरो क्लबमध्ये वर्षभर चालते काय? ‘स्वयम्’ उपग्रहाच्या आठ वर्षांतून समजून घ्या

बुटीबोरी : इंजिनीअरिंगला गेलेला मुलगा किंवा मुलगी घरी फोन करून सांगते, ‘मी एरो क्लबमध्ये नाव दिले.’ घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, त्याने मार्क वाढतात का? थेट वाढत नाहीत. उलट वेळ जातो, थोडे पैसेही जातात. तरीही असा क्लब का चालतो आणि त्यात वर्षभर काय होते, हे माहीत असलेले बरे.

‘स्वयम्’ची गोष्ट

महाराष्ट्रातले मोठे उदाहरण पुण्याच्या सीओईपीचे. १८५४ साली सुरू झालेले हे जुने कॉलेज २०२२ पासून विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थ्यांनी २००८ मध्ये उपग्रह बनवायला घेतला. प्रत्येक बाजू १० सेंटिमीटर, वजन जेमतेम एक किलो, नाव ‘स्वयम्’. २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी३४ रॉकेटने एकूण २० उपग्रह नेले, त्यात हा होता.

उपग्रह अंतराळात गडगडत राहिला, तर त्याच्या अँटेनाची दिशा सतत बदलते. ते थांबवण्यासाठी ‘स्वयम्’मध्ये चुंबक बसवले होते. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राप्रमाणे वळते, तसाच हा उपग्रह वळतो आणि त्यासाठी वीज लागत नाही. एका ठिकाणचा संदेश घेऊन दुसऱ्या ठिकाणी पोचवणे, हे त्याचे काम.

आता हिशेब करा. २००८ मध्ये प्रवेश घेतलेला विद्यार्थी २०१२ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. उपग्रह गेला त्यानंतर चार वर्षांनी. ज्यांनी सुरुवात केली ते उड्डाणाच्या वेळी कॉलेजात नव्हते आणि ज्यांनी शेवट केला ते सुरुवातीला शाळेत होते. आयआयटी मुंबईच्या ‘प्रथम’ या विद्यार्थी उपग्रहाचेही तसेच. काम २००७ मध्ये सुरू झाले, उड्डाण २६ सप्टेंबर २०१६ रोजी. म्हणजे अशा क्लबचे खरे काम विमान किंवा उपग्रह बनवणे एवढेच नसते. आपल्याला जे जमले ते पुढच्या तुकडीच्या हातात देणे, हेही तितकेच मोठे काम असते.

क्लबचे वर्ष असे जाते

*पावसाळा :* नवीन मुले येतात. उडवण्यासारखे हवामान नसते, म्हणून हात बसवण्याचे काम चालते. थर्माकोल, डेप्रॉन शीट, बाल्सा लाकूड कापून साधे ग्लायडर बनवतात. पहिला धडा तोलाचा. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव रुंदीवर विमान दोन बोटांवर तोलून धरतात. शेपटी जड झाली, तर नाक वर होऊन विमान पडते. २३ ऑगस्टला राष्ट्रीय अंतराळ दिन असतो. २०२३ मध्ये याच तारखेला चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. त्या निमित्ताने क्लबची मुले शाळांमध्येही जाऊ शकतात.

*ऑक्टोबर ते डिसेंबर :* ४ ते १० ऑक्टोबर जागतिक अंतराळ सप्ताह. पाऊस गेला की मैदान सुकते. सकाळी वारा पडलेला असताना रिमोटवरच्या विमानाच्या चाचण्या होतात. विमान पडते, मोडते, पुन्हा जोडले जाते. मध्ये सेमिस्टरची परीक्षा असतेच.

*जानेवारी ते मार्च :* हा स्पर्धांचा हंगाम. एसएई इंडियाच्या एरो डिझाइन स्पर्धेत ठरलेल्या नियमांत बसणारे आणि वजन वाहून नेणारे विमान बनवावे लागते. नुसते उडून चालत नाही, डिझाइनचा अहवालही तपासला जातो. ‘कॅनसॅट’ प्रकारात शीतपेयाच्या डब्यासारखे छोटे यंत्र उंचावरून सोडतात. ते पॅराशूटने उतरताना तापमान, दाब अशी माहिती पाठवते.

*एप्रिल-मे :* परीक्षा आणि विदर्भातले ऊन. लिथियम बॅटऱ्या उन्हात किंवा बंद गाडीत ठेवल्या तर फुगतात, पेटूही शकतात. त्या अर्ध्या चार्जवर, थंड जागी ठेवायच्या. याच महिन्यांत शेवटच्या वर्षाची मुले सामान, हिशेब आणि नोंदवह्या खालच्या वर्षाला देऊन जातात.

उडवण्याआधी नियम पाहा

ड्रोन नियम २०२१ फक्त ड्रोनला नाही, रिमोटवरच्या विमानालाही लागू आहेत. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. बुटीबोरी नागपूर विमानतळापासून त्याहून दूर आहे. तरीही डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय उडवू नये. मान्यताप्राप्त शिक्षण संस्थांना संशोधनासाठी नोंदणी क्रमांक आणि पायलट परवान्यातून सूट आहे. पण ती ग्रीन झोनमध्ये, संस्थेच्या आवारात किंवा तिच्या ताब्यातल्या मोकळ्या जागेतच. शेतात उडवले तर ही सूट गृहीत धरता येत नाही.

रॉकेटचे दारूसारखे इंधन वसतिगृहात किंवा घरी बनवणे हा तर सरळ जिवाशी खेळ आहे. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. असे प्रयोग प्राध्यापकांच्या देखरेखीत आणि रीतसर परवानगीनेच करावेत.

आपल्याकडच्या पोरांना काय फायदा?

बुटीबोरीहून नागपूरला जाताना वर्धा मार्गावर मिहान लागते. तेथे विमान देखभालीचे केंद्र आहे, फाल्कन जेटचे भाग बनवणारा कारखाना आहे. क्लबमध्ये होता म्हणून नोकरी मिळेल, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. पण मोजमाप लिहून ठेवणे, चूक कुठे झाली ते शोधणे, दुसऱ्याने अर्धवट सोडलेले काम समजून घेणे, या सवयी कारखान्यात पहिल्या दिवसापासून लागतात. क्लबमध्ये त्या लागून जातात.

म्हणून क्लब निवडताना भिंतीवरच्या ट्रॉफ्या मोजण्यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात. मागच्या वर्षी पडलेल्या विमानाची नोंद आहे का? पहिल्या वर्षाच्या मुलाला हत्यार हातात घेऊ देतात का, की नुसते सामान उचलायला लावतात? आणि मार्गदर्शक प्राध्यापक मैदानावर येतात का? तिन्हींचे उत्तर हो असेल, तर नाव द्यायला हरकत नाही.