सरपणाची गोष्ट

स्मरणिकेसाठी चिटणीसबाईंनी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी आधी नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सहज चुलीचा विषय निघाला आणि तासभर कोणी उठेचना. आपल्या मंडळात कोकणच्या, देशावरच्या, वऱ्हाडच्या आणि येथल्या पाड्यांवरच्याही भगिनी आहेत. प्रत्येकीचे सरपण निराळे, म्हणून त्याचाच थोडा इतिहास लिहिते.

माझे माहेर संगमेश्वराकडे. आमच्याकडे सरपणाला तोटा नव्हता, तोटा होता तो कोरड्या सरपणाला! आगोटीच्या आधी ऐन, किंजळीची लाकडे फोडून पडवीत छपरापर्यंत रचायची. झावळ्या, सोडणे, करवंट्या वेगळ्या आणि न्हाणीच्या चुलीला पातेरा. एवढी बेगमी करूनही श्रावणात आई फुंकणी घेऊन बसे आणि तिचे डोळे लाल होत.

सासर माण तालुक्यातले. तेथे झाडच कमी. बाभळीची फांदी मिळाली तर सण. बाकी शेणी थापायच्या, वाळवायच्या आणि त्यांचा हुडवा रचायचा. तेच शेण शेतात पडले असते तर खत झाले असते. म्हणजे तेथे भाकरी भाजण्याची किंमत जमीन मोजत होती. वऱ्हाडातल्या वहिनी सांगतात की, त्यांच्याकडे कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या जळणाला येत. पऱ्हाटी भरभर पेटते आणि भरभर विझते, म्हणून चुलीपुढून हलता येत नाही.

सरपण फुकट मिळते असे पुरुष मंडळी म्हणतात, पण ते इतिहासाला धरून नाही. इंग्रजांनी 1878 साली जंगलाचा कायदा केला आणि पिढ्यान् पिढ्या काटक्या वेचणाऱ्यांना एकाएकी परवानगी लागू लागली. आपली आरे तेव्हा ठाणे जिल्ह्यातील साष्टीत होती. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष झाला की सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल 1887 साली निघाला. पुढे 1930 साली ठिकठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. उरणजवळ चिरनेर येथे 25 सप्टेंबरला गोळीबार होऊन आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. शाळेत आम्ही मिठाचा सत्याग्रह शिकलो, लाकडाचा कोणी शिकवला नाही.

मुंबई शहरात लाकूड, कोळसा वखारीतून विकत आणावा लागे. मग घासलेटचा स्टोव्ह आला आणि 1955 च्या सुमारास बर्माशेल कंपनीचा बर्शेन गॅस. तो बड्या घरांतला. येथे आरेत 1949 पासून दुग्धवसाहत उभी राहिली, शहरातले म्हशींचे गोठे येथे आले. सासरे गोठ्यावर कामाला होते, म्हणून सासूबाई माणहून येथे आल्या. शेण आणि लाकूड दोन्ही हाताशी पाहून त्यांना स्वर्गच वाटला! चाळीस वर्षे त्यांनी चूल फुंकली. शेवटी दम लागू लागला, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "आजी, विडी ओढता का?" त्या म्हणाल्या, "छे, बाबा! सैपाक करते." वर्षभरात त्या गेल्या. घरातील धुराने जगात 2020 साली सुमारे 32 लाख माणसे दगावली, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या आकड्यात मला सासूबाईच दिसतात.

2011 च्या जनगणनेत देशातील शंभरांपैकी 49 घरे लाकडावर रांधत होती. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गॅस पुष्कळ घरांत पोहोचला. परंतु मार्च 2023 मध्ये मुंबईत सिलिंडर 1,102 रुपये 50 पैसे झाला, तेव्हा पाड्यावरच्या माझ्या मैत्रिणीने तो कोपऱ्यात ठेवून पुन्हा चूल पेटवली. मी तिला रागावले. माझ्या मुलीने हिशेब केला होता: 14.2 किलोच्या एका सिलिंडरचे काम साध्या चुलीवर करायला सुमारे दोनशे किलो लाकूड लागते, कारण चुलीची बहुतेक आच वायाच जाते. वीस किलोची एक मोळी धरली तर दहा मोळ्या, आणि एका मोळीला अर्धा दिवस. म्हणजे पाच दिवसांची मजुरी गेली! शिवाय बिबट्याची भीती. 2021 मध्ये आरेत त्याने किती जणांना जखमी केले, ते आपण विसरलेलो नाही.

तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ताई, हिशेब बरोबर आहे. पण अकराशे रुपये एकदम कुठून आणू? मोळी रोज थोडी थोडी आणता येते." यावर मला उत्तर सुचले नाही. तिने आणखी सांगितले की, त्या बायका वाळलेलेच वेचतात, उभे झाड तोडत नाहीत. ऑक्टोबर 2019 मध्ये कारशेडसाठी येथली दोन हजारांवर झाडे रात्रीतून पडली. ती काही कोणाच्या चुलीसाठी पडली नव्हती.

असो. गिरणगावात राहिलेल्या वयस्कर भगिनींपैकी कोणाला वखारीतले जुने भाव आठवत असतील तर मला अवश्य सांगावेत. मी वहीत उतरून ठेवते आहे.